बर्फावरची रेघ आणि कडक बुटांचा इतिहास

गेल्या हिवाळ्यात म्युनिचला नोकरी करणाऱ्या भाच्यानं एक फोटो पाठवला. फोटोत तो स्वतः नव्हता, बर्फाचे डोंगरही नव्हते. पांढऱ्याशुभ्र उतारावर उमटलेली एक बारीक रेघ तेवढी होती, नागमोडी, पेन्सिलीनं ओढावी तशी. खाली लिहिलं होतं, ‘मामू, ही माझी. तीन दिवस लागले.’

मला वाटलं सायकलचा माग असेल. फोन करून विचारलं तर हसला. म्हणाला, सायकल नाही, स्नोबोर्ड. पण पायांत नेहमीचे मऊ बूट नाहीत, प्लास्टिकचे कडक बूट आहेत. बोर्ड घसरत नाही, कापत जातो. याला कार्व्हिंग म्हणतात.

कार्व्हिंग म्हणजे कोरणं. उर्दूत तराशना. आयुष्यभर दोन भाषा शिकवल्यामुळे एखादा शब्द हाती आला की तो कुठून आला हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. बर्फ मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, गुलमर्गला, भाड्याचा लांब कोट आणि भाड्याचे गमबूट घालून. तिथंही मी दोनदा पडलो. तरी या रेघेच्या मागे लागलो आणि दिवाळीची सुटी त्यात गेली. हाती आलेला इतिहास मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. त्यात जिंकणारे आहेत आणि बाजारातून हद्दपार झालेलेही आहेत.

आधी रेघेचं गणित समजून घेऊ. स्नोबोर्डवर उभा असलेला नवखा माणूस वेग कमी करायचा म्हणून बोर्ड आडवा करतो. बोर्ड बर्फ खरवडत खाली येतो आणि मागे हातभर रुंद पट्टा सोडतो. कार्व्हिंगमध्ये हे खरवडणं नाही. बोर्ड एका कडेवर कलंडतो, कडा बर्फात रुतते आणि बोर्डाचं पुढचं टोक जिथून गेलं त्याच खाचेतून शेपूटही जाते. म्हणून रेघ बारीक.

पण कडेवर कलंडलेला बोर्ड वळतो कसा? याचं उत्तर त्याच्या आकारात आहे. बोर्ड दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये अरुंद असतो, डमरू ओढून लांब केल्यासारखा. त्याची बाजू सरळ नसते, ती एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. बोर्ड कलंडला की मधला भाग बर्फाला टेकण्यासाठी वाकतो आणि कडेचा कंस आणखी आवळला जातो. दहावीच्या त्रिकोणमितीत बसणारा हिशेब आहे. बोर्डाच्या कडेची त्रिज्या गुणिले कलाचा कोसाइन, ही साधारण वळणाची त्रिज्या. कडेची त्रिज्या १० मीटर आणि बोर्ड ६० अंशांत कललेला असेल तर कोसाइन अर्धा, म्हणून वळण सुमारे ५ मीटरचं. ‘हे मला कधी उपयोगी पडणार?’ असं विचारणाऱ्या मुलांना आता मी हे उदाहरण देतो. मुलं बर्फाबद्दल विचारतात, कोसाइनबद्दल नाही. पण तेही चालतं.

मधे अरुंद असण्याची ही युक्ती स्नोबोर्डच्या कितीतरी आधीची आहे. तिचं श्रेय बहुधा नॉर्वेच्या तेलेमार्क भागातल्या मोर्गेदाल गावच्या सोंद्रे नोरहाइमला दिलं जातं. जन्म १८२५ चा, गरीब घरचा. त्यानं लाकडी स्कीला कंबर दिली, टाच धरून ठेवणारी बांधणी केली आणि १८६८ साली राजधानी ख्रिश्चानियाला, म्हणजे आजच्या ओस्लोला जाऊन शहरवाल्यांना थक्क केलं. म्हातारपणी तो अमेरिकेला गेला आणि नॉर्थ डाकोटाच्या सपाट मैदानात वारला. उतारावरच्या वळणांचा उस्ताद आणि शेवटची वर्षं जिथं धड टेकडी नाही अशा मुलखात. इतिहास कधी कधी फार निर्दय असतो.

पुढे १९२० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनरनं लाकडी स्कीच्या कडांना पोलादी पट्ट्या ठोकल्या. त्यामुळे टणक, गोठलेल्या उतारावर पकड आली. तिसरी गोष्ट बुटांची. चामड्याचा बूट ओला झाला की सैल पडतो, पायानं दिलेला जोर कडेपर्यंत पोचत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत बॉब लँगेनं प्लास्टिकचा बूट बाजारात आणला आणि पिंढरीपासून पोलादी कडेपर्यंत जोर थेट जाऊ लागला. या तिन्ही गोष्टी स्कीवाल्यांनी स्कीसाठी केल्या होत्या. स्नोबोर्ड तेव्हा जन्मत होता.

त्याच्या जन्माची कथा घरगुती आहे. १९६५ चा नाताळ, मिशिगन राज्यातलं मस्कीगन. शर्मन पॉपन नावाच्या इंजिनिअरनं मुलींना खेळायला म्हणून दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या. त्यावर उभं राहून मुली टेकडीवरून घसरू लागल्या. बायकोनं नाव सुचवलं स्नर्फर, म्हणजे स्नो आणि सर्फर यांची खिचडी. पुढे ब्रन्सविक कंपनीनं हे खेळणं विकलं. त्याला ना पोलादी कडा, ना पाय बांधायची सोय. टोकाला दोरी बांधलेली, ती हातात धरायची. ईस्ट कोस्टला जेक बर्टन कार्पेंटरनं १९७७ साली व्हर्मॉन्टमध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली. १९७९ मध्ये मिशिगनच्या स्नर्फर स्पर्धेत तो पाय बांधायचे पट्टे लावलेला बोर्ड घेऊन गेला तेव्हा लोकांनी हरकत घेतली. शेवटी त्याच्यासाठी वेगळा गट करावा लागला. १९८२ साली व्हर्मॉन्टमध्येच सुइसाइड सिक्स नावाच्या डोंगरावर अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय शर्यत झाली. पण स्की रिसॉर्ट या पोरांना आत घ्यायला तयार नव्हते. १९८३ मध्ये स्ट्रॅटननं दार उघडलं, मग हळूहळू इतरांनी.

अमेरिकेतली ही पोरं पायांत काय घालत? सोरेलचे बर्फातले उबदार बूट. मऊ, ऐसपैस. स्केटबोर्ड आणि समुद्रातल्या सर्फिंगमधून आलेली ही मंडळी. पायाखाली बोर्ड जाणवायला हवा, उडी मारता यायला हवी, एवढीच त्यांची अपेक्षा.

युरोपात मात्र गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. आल्प्समधला माणूस स्कीच्या घरात वाढलेला. घरी प्लास्टिकचे स्की बूट किंवा डोंगर चढायचे कडक बूट पडलेलेच असत. उतार लांब, दाबून टणक केलेले. उल्म शहराच्या केसबोरर कंपनीचं पिस्टनबुली हे उतार सपाट करणारं यंत्र १९६९ पासून आल्प्समध्ये फिरत होतं. सकाळी त्यानं मागे सोडलेल्या बारीक सऱ्या कॉर्डरॉय कापडासारख्या दिसतात, म्हणून त्या बर्फाला नावही कॉर्डरॉयच पडलं. शेतकऱ्याच्या घरचा माणूस ते पाहून पाभर फिरवल्यासारखं आहे म्हणेल. अशा उतारावर मऊ बुटापेक्षा कडक बूटच कामाला येतो, हे तिथल्या लोकांना कुणी सांगावं लागलं नाही. फ्रान्सच्या रेजिस रोलांनं १९८३ च्या ‘अपोकॅलिप्स स्नो’ या फिल्मनं युरोपला स्नोबोर्डचं वेड लावलं आणि काही वर्षांतच कडक बुटांची शाखा तिथं भरभराटीला आली.

यामागचं शरीरशास्त्र साधं आहे. नेहमीच्या स्नोबोर्डची रुंदी मध्यावर सुमारे २५ सेंटीमीटर आणि पाय जवळपास आडवे. बोर्ड थोडा कलला तर ठीक. खूप कलला तर बोटं किंवा टाच बर्फात घासते, कडा उचलली जाते आणि माणूस तोंडावर आपटतो. यावर उपाय म्हणजे पाय पुढच्या दिशेला वळवायचे, ५० ते ६५ अंशांपर्यंत. तसं केलं की बोर्ड अरुंद करता येतो, २० सेंटीमीटर किंवा त्याहून कमी. अरुंद बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झटकन जातो. पण पाय पुढे वळले की जोर घोट्याच्या बाजूनं द्यावा लागतो आणि तिथं मऊ बूट कोलमडतो. म्हणून प्लास्टिकचा बूट, आणि त्याला पुढून-मागून तारेच्या कड्यांनी धरणारी धातूची पट्टी. एक गोष्ट बदलली की दुसरी बदलावी लागली, दुसरीमुळे तिसरी. नवशिक्याला बूट, बांधणी आणि बोर्ड हे तिन्ही एकदम बदलावे लागतात त्याचं कारण हे. महागही पडतं.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून या लोकांनी शर्यती गाजवल्या. स्वित्झर्लंडचा जोसे फर्नांडेस, जर्मनीचा पीटर बावर, फ्रान्सचा ज्याँ नेर्वा. बर्टन कंपनीनं शर्यतीच्या बोर्डाला पीजे नाव दिलं ते पीटर आणि ज्याँ यांच्या आद्याक्षरांवरून. त्या काळात असमान बोर्डांचीही लाट आली. पाय तिरके असतील तर बोटांच्या बाजूचा जोर थोडा पुढे पडतो आणि टाचेच्या बाजूचा थोडा मागे. मग दोन्ही कडांचे कंस एकमेकांसमोर कशाला, सरकवून टाका. युक्तिवाद बिनतोड होता. पण डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांसाठी एक बोर्ड आणि उजवा पुढे ठेवणाऱ्यांसाठी दुसरा, असा दुप्पट माल दुकानदाराला ठेवावा लागे. काही वर्षांत ती लाट ओसरली. फ्रान्सचा सर्ज व्हिटेली याच्या नावानं मात्र एक वळण कायमचं राहिलं. त्यात माणूस वळताना इतका आडवा होतो की सगळं अंग बर्फाला लागतं. त्याचे फोटो पाहून किती तरुणांनी खांदे दुखावून घेतले असतील कोण जाणे.

मग ओहोटी लागली. १९९० च्या दशकात अमेरिकन तरुणाईचा कल उड्या, हाफपाइप, स्केटबोर्डची ढब यांकडे गेला. मऊ बुटांना मागून आधार देणारी उंच बांधणी आली होतीच, ती सुधारत गेली. मऊ बूट घालून गाडी चालवता येते, पायऱ्या चढता येतात, ताज्या भुसभुशीत बर्फात मजा येते. कडक बूटवाला दुरून स्कीवाल्यासारखा दिसायचा, आणि स्नोबोर्डवाल्या पोरांना नेमकं तेच नको होतं. कडक बुटांचे चाहते आजही बाजाराला, मासिकांना, कंपन्यांना दोष देतात. मला तो पूर्ण पटत नाही. शंभरातल्या बहुतेकांना हवी ती मजा मऊ बुटात स्वस्तात आणि सहज मिळत होती. आमचं वळण तेवढं खरं, बाकीचे बर्फ खरवडतात, असा सूर या मंडळींत ऐकू येतो तेव्हा मला तलफ्फुजवरून लोकांना नामोहरम करणारे आमच्यातले काही उर्दू जाणकार आठवतात. त्यांच्यामुळे भाषेचे चाहते वाढले नाहीत.

नेमक्या या ओहोटीच्या काळात ऑलिम्पिकचं दार उघडलं. स्नोबोर्डवाल्यांची स्वतःची संघटना होती, आयएसएफ. पण ऑलिम्पिक समितीनं हा खेळ स्कीच्या संघटनेच्या, एफआयएसच्या हवाली केला. नॉर्वेचा टेरये हाकोन्सन त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू मानला जाई, त्यानं निषेध म्हणून १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकवर बहिष्कार घातला. आयएसएफ २००२ मध्ये बंद पडली. नागानोत जायंट स्लालमचं पहिलं सुवर्ण कॅनडाच्या रॉस रेबाग्लियातीला मिळालं, दुसऱ्यापेक्षा अवघ्या दोन शतांश सेकंदांनी आधी. तपासणीत गांजाचा अंश सापडला म्हणून ते काढून घेतलं गेलं आणि लवादानं काही दिवसांत परत दिलं. जगभरच्या वर्तमानपत्रांत गांजा गाजला, वळणांबद्दल कुणी लिहिलं नाही. महिलांचं सुवर्ण फ्रान्सच्या कारीन रुबीचं. पुढे ती डोंगरातली वाटाडी होण्याचं शिक्षण घेत होती आणि २००९ मध्ये माँ ब्लाँवर हिमनदीच्या भेगेत पडून गेली.

शर्यत ऑलिम्पिकमध्ये टिकली, दुकानातून मात्र माल गेला. जी बर्टन कंपनी एकेकाळी पीजे विकत होती तिनंही कडक बुटांचा माल बनवणं थांबवलं. अमेरिकेत तर २०१० नंतर या शाखेच्या खेळाडूंचा निधीच बंद झाला. व्हिक वाइल्ड हा वॉशिंग्टन राज्यातला मुलगा त्यामुळे रस्त्यावर आला. त्यानं रशियन स्नोबोर्डपटू अल्योना झावार्झिनाशी लग्न केलं, रशियाचं नागरिकत्व घेतलं आणि २०१४ मध्ये सोचीला रशियासाठी दोन सुवर्णपदकं जिंकली. पहिलं जिंकलं त्याच दिवशी बायकोलाही कांस्य मिळालं. ज्याला घरात जागा नव्हती त्यानं शेजाऱ्याच्या घरी दिवा लावला. अमेरिकनांना ते झोंबलं असणार, पण निधीचा निर्णय त्यांचाच होता.

इथं मला आमचे कातिब आठवल्याशिवाय राहत नाहीत. माझ्या लहानपणी उर्दू अखबार हातानं लिहिला जायचा. कातिब बोरूचं टोक तिरकं छाटायचे, त्या छाटण्याला कत म्हणतात. बोरू किती कलवला यावर रेघ जाड होणार की बारीक, हे ठरायचं. १९९० च्या दशकात कॉम्प्युटरवर नस्तालीक आली आणि बघता बघता कातिबांच्या चटया गुंडाळल्या गेल्या. अखबार मात्र चालू राहिले. हुनर काही हातांत तेवढा उरला.

कडक बुटांचंही तसंच झालं. मोठ्या कंपन्या गेल्या आणि छोट्या कार्यशाळा उरल्या. कॅनडातली कॉइलर, कोलोरॅडोतली डोनेक, स्वित्झर्लंडमधली केसलर. ऑस्ट्रियाच्या सिगी ग्राबनरनं २००६ च्या ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं आणि एसजी नावानं बोर्ड बनवले. यातले काही जण गिऱ्हाइकाचं वजन, बुटाचं माप आणि वळणं कशी आवडतात हे विचारून बोर्ड बनवतात, शिंप्यानं माप घ्यावं तसं. बोर्डात टायटेनल नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे घालून थरथर कमी करण्याची सुधारणा याच छोट्या मंडळींच्या काळात रुळली. स्वित्झर्लंडच्या झिनाल गावी जाक रिलिए आणि पात्रीस फिवा यांनी शर्यतीला फाटा देऊन अंग बर्फावर टेकवणाऱ्या वळणांची स्वतंत्र पद्धत बसवली आणि त्यासाठी स्वोर्ड नावाचा बोर्ड काढला. आणि २०१८ मध्ये प्योंगचांगला चेक प्रजासत्ताकाच्या एस्तेर लेदेत्स्कानं कमाल केली. आधी स्कीच्या सुपर-जी शर्यतीत एका शतांश सेकंदानं सुवर्ण, आठवड्यानं स्नोबोर्डच्या पॅरलल जायंट स्लालममध्ये दुसरं. स्की आणि स्नोबोर्ड अशा दोन्हींत एकाच ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण त्याआधी कुणीही मिळवलं नव्हतं. भाच्यानं कडक बूट पहिल्यांदा पाहिले ते तिच्या पायांत.

आता त्याच्या तीन दिवसांविषयी. बोर्ड त्यानं जुना घेतला, १६० सेंटीमीटरच्या आसपासचा, कडेची त्रिज्या १० मीटरपेक्षा थोडी कमी. बूटही जुने मिळत होते, पण विकणाऱ्या गृहस्थांनीच सांगितलं की वीस-पंचवीस वर्षांचं प्लास्टिक थंडीत फुटतं, बूट आणि बांधणी नवीच घे. भला माणूस. कारण ही बांधणी स्कीसारखी पडताना आपोआप सुटत नाही. पाय बोर्डालाच राहतो.

पहिल्या दिवशी यानं फोटोत पाहिलेलं करायला घेतलं. बोर्ड कलवायचा म्हणून हात बर्फाकडे नेला, कमरेतून वाकला आणि कडेवरचा भार गेला. दिवसभर पडत राहिला. दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या रांगेत साठीतल्या एक बाई भेटल्या, पायांत तसलेच कडक बूट. त्यांनी याला सोप्या, रुंद उतारावर नेलं आणि वळायचंच नाही असं सांगितलं. उतारावर आडवं जायचं, गुडघे वाकवून एका कडेवर नुसतं उभं राहायचं आणि बोर्ड आपोआप चढाकडे वळून थांबेपर्यंत काही करायचं नाही. थांबल्यावर मागे वळून आपली रेघ पाहायची. रुंद पट्टा दिसला तर नापास, बारीक रेघ दिसली तर पास. मग दुसरी कडा. दोन्ही बाजू जमल्यावरच त्या जोडायच्या. शिक्षक म्हणून मला हे फार आवडलं. पेपर तपासायला दुसरं कुणी लागतच नाही.

बाईंनी आणखी एक ताकीद दिली. कापत जाणारा बोर्ड उतारावर खूप रुंद वळतो, कधी वळून पुन्हा वर चढतो. मागून येणाऱ्या स्कीवाल्याला याची कल्पना नसते. म्हणून प्रत्येक आडव्या वळणाआधी वर नजर टाकायची आणि गर्दी झाली की घरी जायचं. भाचा त्यामुळे पहाटे उठून गार्मिशची गाडी पकडतो, कॉर्डरॉय मोडायच्या आत दोन तास खेळतो आणि दुपारी परततो. इथं असताना त्याला फज्रला उठवायला आपाला तीन हाका माराव्या लागायच्या.

परवा त्याला विचारलं, पुढच्या वेळी गुलमर्गला येशील का हे घेऊन? तो म्हणाला, मामू, गुलमर्गचा बर्फ ताजा, खोल आणि भुसभुशीत, त्यासाठी मऊ बूट आणि रुंद बोर्ड हवा. तिथं हा अरुंद बोर्ड रुतून बसेल. मग थोडं थांबून म्हणाला, पण तुमच्यासाठी एक सोपा उतार बघून ठेवतो. मी आधी भाड्याच्या गमबुटांची चौकशी केली.